जंगल मोजायला शिकताना: टेपपासून उपग्रहापर्यंत

नोव्हेंबरचं एक आणि एप्रिलचं एक अशी दोन उपग्रहचित्रं शेजारी ठेवून ‘चंद्रपूरचं जंगल किती घटलं’ याचा नकाशा काढणारा विद्यार्थी दरवर्षी एक तरी भेटतो. नकाशा देखणा असतो आणि निष्कर्ष साफ चुकलेला. साग उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतो, धावडा आणि सालईही गाळतात. एप्रिलच्या चित्रात हिरवा रंग नसतो, कारण फांद्यांवर पानं नसतात. झाडं आपापल्या जागी उभीच असतात. मार्च महिन्यात त्या जंगलातून पाचोळा तुडवत एकदा तरी चाललेल्या मुलाकडून ही चूक होत नाही.

वनमापन आणि रिमोट सेन्सिंग, म्हणजे उपग्रहातून किंवा विमानातून दुरून जमीन पाहण्याचं शास्त्र, शिकायला निघालेल्यांनी क्रम कसा ठेवावा, हे सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: आधी टेप, मग दोरी, मग गणित, आणि त्यानंतर उपग्रह. बहुतेक जण उलट्या दिशेने निघतात, कारण संगणक वसतिगृहाच्या खोलीत असतो आणि जंगल लांब असतं.

प्रवेश कुठे घ्यायचा

वाटा दोन आहेत. पहिली वनशास्त्राची. बारावी विज्ञान आणि सीईटीनंतर चार वर्षांची बीएस्सी ऑनर्स फॉरेस्ट्री ही पदवी आपल्याकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात मिळते. फॉरेस्ट मेन्सुरेशन, म्हणजे झाड आणि जंगल मोजण्याचं शास्त्र, याच पदवीत नीट शिकवलं जातं. पुढे एमएस्सीसाठी देहरादूनची वन संशोधन संस्था आहे. ती १९०६ साली सुरू झाली आणि १९९१ पासून अभिमत विद्यापीठ आहे.

दुसरी वाट भूगोल, पर्यावरणशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा अभियांत्रिकीतून येणाऱ्यांची. पुण्यात जिओइन्फर्मेटिक्सची, म्हणजे संगणकावर नकाशे आणि उपग्रहचित्रं हाताळण्याच्या शास्त्राची, एमएस्सी आहे, आयआयटी मुंबईत याच विषयाचं स्वतंत्र केंद्र आहे, आणि देहरादूनला इस्रोची भारतीय सुदूर संवेदन संस्था, म्हणजे आयआयआरएस, आहे. ही संस्था १९६६ साली हवाई छायाचित्रं वाचायला शिकवण्यासाठी नेदरलँड्सच्या मदतीने उभी राहिली. आज तिथे वनसंपत्तीवर भर देणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात. तिचे ऑनलाइन वर्ग मोफत असतात. तुम्ही कोणत्याही गावात, कोणत्याही महाविद्यालयात असलात तरी त्यातला पायाभूत अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी करून टाका.

दोन्ही वाटांनी चांगली माणसं घडतात. फक्त वनशास्त्रवाल्याने गणिताची आणि कोडिंगची भीती घालवायला हवी, आणि भूगोलवाल्याने झाडं ओळखायला शिकायला हवं. यात दुसरं काम अवघड, कारण त्याला हिवाळे-उन्हाळे द्यावे लागतात.

पहिलं काम: झाड ओळखा आणि त्याचा घेर घ्या

पहिल्या सत्रात तीस झाडं ओळखता यायला हवीत, आणि तीही नुसत्या पानांवरून नव्हे. सालीवरून, फांद्यांच्या ठेवणीवरून, खाली पडलेल्या फळांवरून. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी फुटलेली साल, धावड्याचं गुळगुळीत पांढुरकं खोड, मोहाचं फांद्यांच्या टोकाशी गोळा होणारं पान. यासाठी वनरक्षकाबरोबर किंवा गावातल्या जाणत्या माणसाबरोबर फिरणं हाच उपाय. स्थानिक नाव ऐकाल तसं लिहा, पण त्यासमोर शास्त्रीय नाव त्याच संध्याकाळी लिहून टाका. ऐनाला कुठे येन म्हणतात, कुठे सादडा. चार गावांत चार वह्या भरल्या की एकाच झाडाच्या तीन जाती होऊन बसतात, आणि पुढे ते निस्तरता येत नाही. माझ्या एका जुन्या वहीतले बारा प्लॉट, म्हणजे नमुन्यासाठी आखून मोजलेले जंगलाचे तुकडे, याच कारणाने वाया गेले आहेत.

मग घेर. तो छातीच्या उंचीवर घ्यायचा; आपल्याकडे ही उंची १.३७ मीटर धरतात, युरोपात १.३ मीटर. परदेशी संशोधनातलं सूत्र वापरताना हा फरक लक्षात ठेवा. एक काठी १.३७ मीटरवर खूण करून कायम जवळ बाळगा, कारण दुपारपर्यंत थकलेल्या माणसाची छातीची उंची खाली येत जाते. उतारावर उभं असलेलं झाड चढाच्या बाजूने मोजायचं. कललेलं झाड खोडाच्या रेषेने मोजायचं. छातीच्या उंचीखालीच दुभंगलं असेल तर दोन झाडं, वर दुभंगलं असेल तर एक. बुंध्याला पंखांसारखे आधार फुटले असतील तर त्यांच्या वर टेप लावायची. टेप खोडाला काटकोनात आणि वेल, वाळवीची माती बाजूला करून. ऐकायला साधं वाटतं, पण दोन मुलांना एकच वीस झाडं वेगवेगळी मोजायला सांगा आणि वह्या ताडून पाहा. तिथूनच खरं शिक्षण सुरू होतं.

घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. १०० सेंमी घेराच्या झाडाचा व्यास साधारण ३१.८ सेंमी आणि खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ ०.०८ चौरस मीटरला किंचित कमी. राष्ट्रीय सर्वेक्षणात १० सेंमी व्यासापासूनची झाडं नोंदतात, म्हणजे घेर ३१ सेंमीच्या पुढचा. हे तीन आकडे पाठ असू द्या.

उंचीसाठी क्लिनोमीटर, म्हणजे कोन मोजायचं हातातलं साधन. झाडापासून साधारण त्याच्या उंचीइतकं दूर उभं राहायचं, शेंड्याचा कोन घ्यायचा, बुंध्याचा घ्यायचा, दोन्हींचे टॅन्जंट मिळवून अंतराने गुणायचं. वीस मीटरवरून शेंडा ३५ अंश वर आणि बुंधा ४ अंश खाली दिसला तर १४ अधिक १.४, म्हणजे झाड १५.४ मीटर. रुंद माथ्याच्या झाडात जवळची फांदीच शेंडा वाटते आणि झाड दोन-चार मीटरने उंच भरतं. अशा वेळी मागे सरका आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा मोजा.

दुसरं काम: प्लॉट टाकायला शिका

सगळं जंगल कुणी मोजत नाही. नमुना घेतात. ही कल्पना आपल्या उपखंडात जुनी आहे. डीट्रिख ब्रांडिस १८५६ मध्ये ब्रह्मदेशात पेगूच्या सागवनांवर नेमले गेले तेव्हा हत्तीवर बसून ठरावीक रेषांवरून फिरत, घेराच्या प्रत्येक वर्गासाठी एक काठी हाती धरून, दिसेल त्या सागाची खाच त्या त्या काठीवर पाडत गेले. त्या खाचांवरून त्यांनी किती तोड करता येईल याचा हिशेब मांडला. मला हे दृश्य फार आवडतं. तिथे नमुन्याची रेषा आहे, वर्गवारी आहे, नोंदही आहे. आज आपण टॅब्लेटवर करतो ते हेच.

देशातल्या वन सर्वेक्षणात दीर्घकाळ वापरलेला प्लॉट म्हणजे ०.१ हेक्टरचा चौरस, बाजू ३१.६२ मीटर. तो टाकायची रीत सोपी आहे. मध्यबिंदूवर खुंटी ठोका, आणि चार कोपऱ्यांच्या दिशेने २२.३६ मीटरच्या दोऱ्या न्या. चार कोपरे मिळाले की चौरस तयार. कोपऱ्याच्या झाडांना खडूने खूण करा आणि उत्तरेकडून सुरू करून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजत जा, म्हणजे झाड सुटत नाही आणि दोनदा येत नाही. सीमेवरचं झाड आत की बाहेर, याचा नियम घरूनच लिहून न्या. बुंध्याचा मध्य आत असेल तर आत, हा नियम पुरतो.

सह्याद्रीत काम करणाऱ्यांनी इथे नीट थांबावं. हेक्टर हा नकाशावरचा, सपाट असतो. दोरी मात्र उतारावर पसरते. ३० अंशाच्या उतारावर २२.३६ मीटरची सपाट रेषा हवी असेल तर उताराच्या दिशेने दोरी २५.८ मीटर सोडावी लागते. ही दुरुस्ती विसरलात तर तुमचा प्लॉट प्रत्यक्षात ०.०८७ हेक्टरचाच होतो आणि दर हेक्टरी झाडं १३ टक्क्यांनी कमी भरतात. एका प्लॉटमध्ये ही चूक चालून जाईल असं वाटतं. पण आंबोली किंवा महाबळेश्वरच्या बाजूचे सगळेच प्लॉट उतारावरचे असतात, त्यामुळे चूक सगळी एकाच दिशेने साचते आणि सरासरीतही जात नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. यदृच्छेने किंवा नकाशावरच्या आखीव चौकटींवरून निवडलेला बिंदू करवंदीच्या जाळीत पडला तर प्लॉट जाळीतच टाकायचा. पायवाटेजवळ चांगली जागा दिसली म्हणून वीस मीटर सरकवला, की तो नमुना राहत नाही. पायवाटेजवळचं जंगल तोडीचं, चराईचं, आगीचं वेगळं असतं. बिंदूवर पोचणं खरोखर अशक्य असेल, कडा असेल किंवा डोह असेल, तर ‘पोचता आलं नाही’ अशी नोंद करा. रिकामी नोंद प्रामाणिक असते आणि तिचंही पुढे गणित करता येतं.

तिसरं काम: किती प्लॉट?

हा प्रश्न प्रत्येक प्रबंधाच्या वेळी येतो, आणि ‘आधीच्या मुलाने तीस टाकले होते’ हे त्याचं उत्तर असू नये. आधी दहा-पंधरा प्लॉटची चाचणी घ्या. त्यातून लाकडाचं घनफळ प्लॉटगणिक किती विखुरलेलं आहे ते बघा. प्रमाण विचलन, म्हणजे या विखुरणीचं माप, सरासरीच्या निम्मं, म्हणजे ५० टक्के निघालं आणि तुम्हाला सरासरी १० टक्क्यांच्या आत हवी असेल, तर साधारण १०० प्लॉट लागतात. पाच टक्क्यांच्या आत हवी असेल तर ४००. चूक निम्मी करायला कष्ट चौपट, हे गणित समजलं की रिमोट सेन्सिंगची गरजही समजते. आधी नकाशावरून दाट, मध्यम आणि विरळ जंगल वेगळं केलं, आणि प्रत्येक थरात स्वतंत्र प्लॉट टाकले, तर थराच्या आतली विखुरण कमी होते आणि कमी प्लॉटमध्ये तेवढीच खात्री मिळते. उपग्रह मापनात पहिल्यांदा उपयोगी पडतो तो इथे.

चौथं काम: चित्र वाचायला शिका

आता संगणक उघडा. पहिले काही आठवडे कोणतंही वर्गीकरण, म्हणजे संगणकाकडून जंगल-शेती अशी विभागणी, करू नका, नुसतं बघा. निअर-इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा पट्टा लाल रंगात दाखवणारं चित्र उघडा. निरोगी पान इन्फ्रारेड प्रकाश जोरात परतवतं, म्हणून जंगल लालभडक दिसतं. पण आमराईही लाल दिसते, काजूची बागही आणि उसाचा फडही. वेगळेपण पोतात असतं. ऊस मऊ आणि एकसारखा, बाग ओळीत, जंगल खडबडीत. आपल्या ओळखीच्या गावापासून सुरुवात करा. जिथली प्रत्येक टेकडी तुम्ही चढलेली आहे, तिथलं चित्र सर्वांत जास्त शिकवतं.

आपल्याकडे चित्राचा महिना हा चित्राच्या दर्जापेक्षा महत्त्वाचा. पावसाळ्यात ढग, उन्हाळ्यात पानगळ आणि वणवे. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ वनाच्छादनाच्या नकाशासाठी वापरतात. पण साग कुठे आहे आणि सदाहरित कुठे आहे हे वेगळं करायचं असेल, तर नोव्हेंबर आणि मार्च अशी दोन्ही चित्रं घ्या. सुरुवातीला सांगितलेली चूक इथे कामाला येते: मार्चमध्ये जे हिरवं राहिलं ते सदाहरित किंवा ओढ्याकाठचं.

साधनं मोफत आहेत. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची मालिका १९७२ पासूनची आहे आणि २००८ पासून सर्वांना खुली आहे. तिचा आजचा पिक्सेल, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान चौकोन, जमिनीवर ३० मीटरचा. युरोपचा सेंटिनेल-२ हा २०१५ पासून १० मीटरची चित्रं देतो. आपल्या रिसोर्ससॅटच्या लिस-३ कॅमेऱ्याचा पिक्सेल २३.५ मीटरचा. ही चित्रं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूनिधी पोर्टलवर मिळतात. एका हेक्टरात सेंटिनेलचे १०० पिक्सेल बसतात, लिस-३ चे १८, लँडसॅटचे ११. कामाला काय हवं ते यावरून ठरवा. एकेक झाड यातल्या कशातही दिसत नाही.

रडारचं थोडक्यात. रडार ढगातून पाहतं. युरोपच्याच सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची लहर साडेपाच सेंमीची, ती पानं-डहाळ्यांवरूनच परतते. लांब, सुमारे २४ सेंमीची एल-बँड लहर मोठ्या फांद्या आणि खोडांपर्यंत जाते. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या नासा-इस्रोच्या निसार उपग्रहात एल आणि एस असे दोन्ही पट्टे आहेत, त्यामुळे लाकडाच्या वस्तुमानावर काम करू पाहणाऱ्यांचे हे दिवस चांगले आहेत. पण दाट जंगलात एल-बँडही एका मर्यादेपुढे भर ओळखत नाही. एनडीव्हीआय, म्हणजे लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशावरून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक, तर त्याच्या किती तरी आधी थांबतो. एनडीव्हीआयवरून थेट टनावारी काढणारा प्रबंध वाचलात तर शंका घ्या.

पाचवं काम: क्यूजीआयएस आणि यूटीएमची रेषा

सॉफ्टवेअरसाठी पैसे खर्च करू नका. नकाशे करायचं क्यूजीआयएस मोफत आहे, आकडेमोडीची भाषा आर मोफत आहे, आणि उपग्रहचित्रांवर ऑनलाइन काम करायचं गूगल अर्थ इंजिन शिक्षणासाठी मोफत वापरता येतं. पहिल्या वर्षी क्यूजीआयएस, दुसऱ्या वर्षी आर किंवा पायथन, मग अर्थ इंजिन, हा क्रम मला बरा वाटतो. बटणं दाबून केलेलं काम सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवत नाही; लिहिलेला कोड राहतो.

एक खाचखळगा खास महाराष्ट्राचा. यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे करून मीटरमध्ये स्थान सांगायची पद्धत, हिचा पट्टा ७८ अंश पूर्व रेखांशावर बदलतो. कोकणापासून अमरावती-मेळघाटापर्यंत ४३ उत्तर, आणि यवतमाळ, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीत ४४ उत्तर. ताडोब्याचे बिंदू चुकून ४३ मध्ये टाकलेत तर ते सहाशे किलोमीटर पश्चिमेला नाशिकच्या अंगाला जाऊन पडतात. तेवढं तरी लगेच दिसतं. छोट्या चुका दिसत नाहीत. म्हणून जीपीएसमध्ये अक्षांश-रेखांशच नोंदा आणि रूपांतर नंतर संगणकावर करा.

सहावं काम: प्लॉट आणि पिक्सेल यांची गाठ

या विषयाचा गाभा हा आहे, आणि सर्वांत घाईने उरकलं जातं तेही हेच. हातातल्या जीपीएसची चूक मोकळ्यावर तीन ते पाच मीटर, दाट छत्राखाली दहाच्या पुढेही. तुमचा प्लॉट ३१ मीटरचा, पिक्सेल १० मीटरचा. म्हणजे एका पिक्सेलशी प्लॉट जुळवू नका. प्लॉटवर पडणाऱ्या सगळ्या पिक्सेलची सरासरी घ्या. मध्यबिंदूवर जीपीएस झाडं मोजून होईपर्यंत चालू ठेवून सरासरी स्थान घ्या. आणि जंगलाच्या कडेला, रस्त्याला खेटून पडलेल्या प्लॉटची वेगळी नोंद ठेवा, कारण तिथला पिक्सेल मिश्र असतो.

नंतर अचूकता. ‘एकूण अचूकता ९२ टक्के’ हे वाक्य एकटं काही सांगत नाही. तालुक्यात ९० टक्के शेती असेल तर सगळ्या नकाशाला शेती म्हणणाऱ्याचीही अचूकता ९० टक्के भरते. प्रत्येक वर्गाची अचूकता दोन्ही बाजूंनी द्या: नकाशाने जंगल म्हटलेल्यांपैकी खरं जंगल किती, आणि खऱ्या जंगलापैकी नकाशाला सापडलं किती. संगणकाला वर्ग शिकवण्याचे आणि नकाशा तपासण्याचे बिंदू एकाच टेकडीवरून उचलू नका. शेजारचे पिक्सेल एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे अशी परीक्षा पेपर फुटल्यासारखी होते.

शब्दही सांभाळा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात देशाचं वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किमी, म्हणजे २१.७६ टक्के आहे. तिथे वनाच्छादन याचा अर्थ एक हेक्टर किंवा त्याहून मोठा आणि १० टक्के किंवा जास्त जमीन झाडांच्या छत्राने झाकलेला कोणताही तुकडा, जमीन कुणाचीही असो. कोकणातली आंबा-काजूची दाट बाग त्यात येते. विदर्भातली सरकारदरबारी वन असलेली उजाड टेकडी येत नाही. व्याख्या वाचल्याशिवाय ‘जंगल वाढलं’ किंवा ‘जंगल घटलं’ असं लिहू नका. वर्तमानपत्रांत दर दोन वर्षांनी होणारा गोंधळ इथूनच निघतो.

निघण्यापूर्वी

परवानगीचा अर्ज तीन महिने आधी द्या. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर त्याहून आधी, कारण तो अर्ज नागपूरच्या वन्यजीव कार्यालयापर्यंत जातो. परिक्षेत्र अधिकाऱ्यांना स्वतः जाऊन भेटा आणि त्या नियतक्षेत्राच्या वनरक्षकाला सोबत येण्याची विनंती करा. मोहाच्या दिवसांत पहाटे अस्वल फुलांवर असतं, तेव्हा काम उजाडल्यावर. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कारण हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगा वाळून त्यांची कुसं वाऱ्यावर उडतात. संध्याकाळी गोचीड तपासा. जोडीला किमान दोन माणसं, आणि कागदी वही. टॅब्लेट दुपारी तीनला बंद पडतो.

नोकऱ्यांबद्दल बरेच जण विचारतात. वन सर्वेक्षणाचं एक प्रादेशिक कार्यालय नागपुरात आहे, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही तिथेच आहे. वन विभागाच्या कार्य आयोजना, म्हणजे जंगल व्यवस्थापनाचे आराखडे, कार्बन प्रकल्प, स्वयंसेवी संस्था यांना दोन्ही बाजू येणारी माणसं लागतात. फक्त सॉफ्टवेअर येणारे पुष्कळ आहेत. प्लॉट टाकून, मोजून, त्यातली चूक किती हे सांगू शकणारे कमी.

आणखी एक काम आहे, आणि ते मला जास्त जवळचं वाटतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा आपलं जंगल आपण सांभाळू लागल्या. बांबूची बेटं किती, त्यातले या वर्षीचे कोंब किती, जुने काढण्याजोगे किती, हे त्यांना खरोखर ठरवायचं असतं. म्हणून प्रबंध सादर करण्याआधी त्यातले आकडे मराठीत दोन पानांवर उतरवा, सोबत एक साधा नकाशा जोडा, आणि ज्या गावाच्या शिवारात प्लॉट टाकले तिथल्या ग्रामसभेत वाचून दाखवा. एखादा आकडा चुकला असेल तर तिथेच कुणीतरी उठून सांगेल की त्या नाल्याच्या पलीकडे एवढा बांबू नाही. ती दुरुस्ती वहीत लिहून घ्या आणि तो प्लॉट पुन्हा मोजून या.